संगणकाची जुळणी : सुट्या भागांची निवड



आजच्या व्याख्यानाचा विषय काहीसा घरगुती आहे. खेळांसाठी पहिला संगणक स्वतःच्या हातांनी जुळवू पाहणाऱ्या तरुणाने वा तरुणीने सुटे भाग कोणत्या क्रमाने आणि कोणत्या विचाराने निवडावेत, एवढाच तो आहे. तथापि, विषय लहान असला तरी त्यात गुंतणारी रक्कम लहान नसते. आपल्याकडील बहुतेक घरांत अशा संगणकामागे अनेक महिन्यांची बचत आणि आईवडिलांनी टाकलेला विश्वास असतो. निवड फसली तर केवळ खेळ अडखळत नाही. घरात पुढच्या वेळी टाकलेला शब्दही हलका पडतो.

निरनिराळ्या कारखान्यांतून आलेले भाग एकमेकांत नेमके बसतात, हे आपण गृहीत धरतो. परंतु ते आपोआप घडलेले नाही. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा तो बहुतांशी इतरांकडून घेतलेल्या भागांचा बनलेला होता आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध करण्यात आली होती. त्यामुळे इतरांना त्यास जोडता येतील अशी कार्डे, आणि पुढे तशीच यंत्रे, बनवता आली. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले व मदरबोर्डाचा आकार, स्क्रूंच्या जागा आणि वीजजोडणी यांना नियम घालून दिला. पूर्ण आकाराचा असा बोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटर असतो. आज एका स्क्रूड्रायव्हरनिशी घरी संगणक जुळवता येतो, तो अशा मानकांच्या बळावर.

आता निवडीकडे वळू. बहुतेक नवखे प्रोसेसरापासून आरंभ करतात. माझ्या मते आरंभ पडद्यापासून करावा, कारण सारे श्रम अखेर त्या पडद्यावर चित्र उमटवण्यासाठीच असतात. १९२० × १०८० या मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. २५६० × १४४० वर ३६,८६,४०० आणि ३८४० × २१६० वर ८२,९४,४००, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर सातही मिळत नाहीत. ज्याचे समाधान पहिल्या पडद्यावर होणार आहे, त्याने तिसऱ्या पडद्याला साजेसे ग्राफिक्स कार्ड घेणे हा निव्वळ अपव्यय होय.

पडदा ठरला की ग्राफिक्स कार्ड ठरवावे. खेळांच्या संगणकात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो. त्याचा वेग जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची स्वतःची स्मृती. खेळातील भिंती, वस्त्रे, झाडे यांची चित्रे तीत साठवावी लागतात. ती अपुरी पडली की वेगवान कार्डही धापा टाकू लागते. १०८० रेषांच्या पडद्यावर नवे खेळ खेळायचे असतील तर ८ जीबी हे किमान समजावे.

त्यानंतर प्रोसेसर. खेळाच्या जगात कोण कोठे आहे, कशाची टक्कर झाली, प्रतिपक्षाने कोणती चाल करावी, हे प्रोसेसर ठरवतो आणि कार्ड ते रेखाटते. दोघांपैकी जो मंद, त्याच्या गतीने खेळ चालतो. एक बैल तगडा आणि दुसरा मरतुकडा अशी जोडी गाडीला जुंपली, तर तगड्या बैलासाठी मोजलेले पैसे मातीत जातात. पडद्यावरील बिंदू वाढले की भार कार्डावर पडतो. दर सेकंदाची चित्रे किंवा खेळातील पात्रांची गर्दी वाढली की तो प्रोसेसरावर पडतो. आपण कोणते खेळ खेळणार, हे स्वतःस आधी विचारावे ते याचसाठी.

पैसे अगदीच थोडे असतील तर अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा, साधे खेळ खेळावेत आणि कार्ड पुढील वर्षी जोडावे. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ही सोय नसते. कार्डाशिवाय तो घेणाऱ्याच्या नशिबी काळा पडदा येतो.

मदरबोर्ड निवडताना प्रोसेसरची खाच जुळणे अनिवार्य आहे. एएमडीच्या एएम४ खाचेत २०१७ चे पहिले रायझेन प्रोसेसर बसत, आणि फर्मवेअर अद्ययावत केल्यावर त्यांतील अनेक बोर्डांवर २०२० सालची ५००० मालिकाही चालू शकली. २०२२ साली आलेल्या एएम५ खाचेस मात्र डीडीआर५ स्मृतीच लागते. जुनी डीडीआर४ पट्टी तीत बसतही नाही. स्मृती एका १६ जीबीच्या पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे दोन वाहिन्यांतून एकाच वेळी देवघेव होते. साठवणीसाठी एसएसडी घ्यावी. याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही.

ज्याविषयी अधिक बोलावे असा भाग म्हणजे पॉवर सप्लाय. तो खेळात दिसत नाही, म्हणून काटछाटीची कुऱ्हाड प्रथम त्याच्यावर पडते. परंतु २३० व्होल्टच्या प्रवाहापासून बाकी सर्व भागांचे रक्षण करणारा तोच आहे. डब्यावर वॅटचा मोठा आकडा छापणे सोपे असते. तेवढी शक्ती अखंड पुरवणे कठीण. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेविषयी सांगते, संरक्षणाविषयी नव्हे. कार्ड २०० वॅट, प्रोसेसर १०० वॅट आणि इतर भाग ५० वॅट घेत असतील, तर विश्वासार्ह बनावटीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा. घरातील अर्थिंग नीट आहे की नाही, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे.

उष्णता आणि धूळ यांचा विचार आपल्या देशात विशेष अगत्याचा आहे. पंखा भागांना खोलीतील हवेहून थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारा भाग ४० अंशांच्या खोलीत सुमारे ८५ वर जातो. म्हणून समोरून हवा आत घेणारे, जाळी काढून धुता येईल असे कॅबिनेट निवडावे. काचेच्या शोभेस भुलू नये.

राहिली खरेदी. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट येथे हिंडून भाव विचारावेत. पण पक्के बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत, कारण वॉरंटीचा दावा त्यावरच उभा राहतो. जुने कार्ड घेताना अधिक सावध असावे. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या आभासी चलनासाठी असंख्य कार्डे अहोरात्र राबवली गेली आणि नंतर त्यांतील कित्येक विक्रीस आली. असे प्रत्येक कार्ड निकामी असते असे नाही. परंतु डोळ्यांदेखत तासभर चालवून, पंखे व तापमान पाहूनच ते घ्यावे.

एवढी यातायात कशासाठी, असे कोणी विचारील. तयार यंत्र बिघडले की ते घेऊन दुरुस्तीवाल्याच्या दारी जावे लागते. स्वतः जुळवलेल्या यंत्रातील कोणता भाग काय काम करतो, हे त्याच्या धन्यास ठाऊक असते. पाच वर्षांनी तो केवळ कार्ड बदलतो आणि बाकीचे भाग कामात राहतात. बाजारात उतरण्यापूर्वी एक कागद घ्यावा, त्यावर पडदा, खेळ आणि खर्चाची मर्यादा या तीन गोष्टी लिहाव्यात आणि दुकानदार काहीही म्हणो, त्या कागदापासून ढळू नये.