सोहोळच्या माळावर दोन दिवस

मुलांना जंगल दाखवायचे म्हटले की आपल्यापुढे मेळघाट नाहीतर ताडोबा उभे राहते. मग गाडीभाड्याचा हिशेब होतो आणि सहल पुढच्या वर्षावर जाते. आम्हीही दोन वर्षे असेच केले. तिसऱ्या वर्षी मात्र ठरवले, की आपल्या वाशीम जिल्ह्यातच कारंज्याजवळ सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, तिथे जाऊ. हे अभयारण्य 2000 साली जाहीर झाले. क्षेत्र अवघे 18.32 चौरस किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस दमायच्या आत पलीकडे पोचेल!

जाण्यापूर्वी वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी लागते. अभयारण्यात राहुट्या ठोकाव्यात, शेकोटी पेटवावी, असा मुलांचा बेत होता. तो मोडावा लागला. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली तर काय होते, हे शेतकऱ्याच्या पोरांना समजावून सांगावे लागत नाही. मुक्काम जवळच्या गावी शाळेच्या व्हरांड्यात केला. चूल तिथेच मांडली. पिठलं थोडे करपले, पण राहिले नाही.

खरा घोटाळा पहाटे झाला. मुले माळावर पोचली आणि हिरमुसली. "गुरुजी, इथं जंगल कुठं हाय?" उंच झाडी नाही, नुसते गुडघाभर गवत, मधून बोरी-बाभळी. कुसळी तर पायमोज्यांत अशा घुसल्या की निम्मा वर्ग वाटेतच खाली बसून त्या उपटू लागला. मी सांगितले, काळविटाला हाच मोकळा माळ लागतो. लांबवर नजर जाणे आणि वेळेवर पळणे, यावरच त्याचा जीव. दाट रान त्याच्या कामाचे नाही. असल्या जमिनीला आपण 'पडीक' म्हणून मोकळे होतो, ही आपली जुनी खोड.

कळप प्रथम दिसला तो मला नव्हे. आमच्यात सातवीतला एक अबोल मुलगा होता. त्याने माझी बाही ओढून बोट दाखवले. वीस-बावीस माद्या, पिंगट रंगाच्या, बिनशिंगी. आणि बाजूला एकटा काळा नर, पिळदार शिंगे पाठीवर टाकून उभा. पुढे त्यानेच लेंड्यांचा ढीग दाखवला आणि म्हणाला, नर आपली जागा राखायला पुन्हा पुन्हा तिथेच येतो. मी पुस्तकातले सांगितले: चितळाची शिंगे गळून पुन्हा येतात, काळविटाची जन्मभर तीच राहतात. पोराने मान डोलावली, जणू माझीच परीक्षा घेत होता.

"तुला रे कसं ठाऊक?" मी विचारले.

"आमचं वावर बाजूलेच हाय, गुरुजी. बाबासंगं जागलीवर असतो मी."

सायंकाळी त्याचे वडील मुक्कामावर आले. हरभऱ्याचे डहाळे घेऊन आले होते. मुलांनी कळपाचे वर्णन केले, ते हसत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमी इतक्या दुरून येता पाहाले, अन् आमी रातभर बसतो हाकलाले!"

काय उत्तर द्यावे? 1972 च्या कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत कडक संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवे. पिकाची नासाडी झाली तर पंचनामा होऊन भरपाई मिळण्याची सोय सरकारने केली आहे, तीही खरी. परंतु जागून काढलेल्या रात्री पंचनाम्यात लिहीत नाहीत. शिवाय रोही आणि रानडुकरे आहेतच. एकट्या काळविटावर दोष घालून चालणार नाही. हे मी बोललो. ते म्हणाले, "जनावराले काय कळते, धुरा कुठं हाय ते?" आणि माझ्या हातावर एक डहाळा ठेवला.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही गेलात तर पावसाळा सरल्यावर, थंडीत जा. मळकट रंगाचे कपडे घाला, पाणी भरपूर न्या, आणि कळपामागे कोणी धावणार नाही एवढे बजावा. बाजूच्या वावरातल्या एखाद्या शेतकऱ्याला संध्याकाळी बोलावून घ्या.

दुसऱ्या रात्री चौघा मुलांनी जागलीवर जाण्याचा हट्ट धरला. मीही गेलो. मध्यरात्रीनंतर धुऱ्यापलीकडे काहीतरी हलले. त्या मुलाने डबा वाजवायला हात उचलला, आमच्याकडे पाहिले, जरा थांबला, आणि मग वाजवला.