परक्या भूमीवरचा न्याय



गुन्हा एका देशात घडावा, छळणारा आणि छळला गेलेला दोघेही त्याच देशाचे असावेत आणि दाद मात्र दुसऱ्याच देशाच्या न्यायालयाने द्यावी, हे शक्य आहे काय? अमेरिकेतील एका निकालाने १९८० साली या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले.

दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशावर त्या काळी जनरल स्ट्रोएसनर यांची हुकूमशाही होती. डॉ. होएल फिलार्तिगा हे त्या राजवटीचे विरोधक. २९ मार्च १९७६ रोजी त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा होएलितो याचा अमेरिको पेन्या-इराला या पोलीस अधिकाऱ्याने छळ करून अंत केला. रात्री बहीण डॉली हिला नेऊन भावाचा छिन्नविच्छिन्न देह दाखविण्यात आला. पित्याने मायदेशी दाद मागितली, तेव्हा त्यांच्या वकिलालाच अटक झाली.

पुढे पेन्या अमेरिकेत येऊन ब्रुकलिन येथे राहू लागला. डॉलीही अमेरिकेतच होती. मुदतीबाहेरील वास्तव्याबद्दल १९७९ मध्ये तो पकडला गेला आणि पितापुत्रीने त्याच्यावर दिवाणी दावा लावला. आधार होता १७८९ सालच्या कायद्याचा! राष्ट्रांमधील सर्वमान्य नियमांचा भंग झाल्यास परकीयासही तेथे भरपाई मागता येते, असे तो कायदा सांगतो. कनिष्ठ न्यायालयाने दावा काढून टाकला. परंतु अपिलात न्यायमूर्ती कॉफमन यांनी तो ग्राह्य ठरविला. समुद्री चाचा व गुलामांचा व्यापारी यांच्याप्रमाणेच छळ करणाराही अखिल मानवजातीचा शत्रू होय, असा त्या निकालाचा आशय होता.

१९८४ मध्ये सुमारे १ कोटी ४ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. तोवर पेन्या मायदेशी परतला होता. व्यापारी भाषेत सांगायचे तर हुकूमनामा हाती आला, वसुली मात्र शून्य!

मग मिळाले काय? जे सत्य पॅराग्वेत दडपले गेले, ते न्यायालयाच्या दप्तरी कायमचे नोंदले गेले. फिलिपाईन्समधील मार्कोस राजवटीच्या पीडितांनीही पुढे हाच मार्ग धरला. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयीन निकालाने परदेशी घडलेल्या कृत्यांपुरते या जुन्या कायद्याचे दार बरेचसे लोटून घेतले, हे खरे. तथापि छळपीडितांसाठी १९९२ मध्ये झालेला स्वतंत्र कायदा आजही तेथे आहे.

काही ऋणे पैशांत फिटत नाहीत. परंतु ती खतावणीत नोंदलेली असणे आवश्यक असते. न्यायाचेही तसेच आहे.