खेळ आणि विद्या : बिल ब्रॅडली यांची हकीकत

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी-गौरव प्रसंगी केलेले भाषण)



आताच ज्यांना पारितोषिके मिळाली त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. आम्हांस मात्र आज बोलावयाचे आहे ते ज्यांना पारितोषिक मिळाले नाही अशा मुलांविषयी. वसतिगृहातील ज्या विद्यार्थ्यांचे गुण साठ टक्क्यांखाली येतील त्यांना क्रीडांगणावर जाऊ देऊ नये, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, यात आम्हांस संदेह नाही. तथापि निर्णय होण्यापूर्वी अमेरिकेतील एका बास्केटबॉलपटूची हकीकत आपल्या कानी घालावी, असे वाटते.

बिल ब्रॅडली यांचा जन्म १९४३ साली मिसूरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथे झाला. मिसिसिपी नदीकाठचे, काचेच्या कारखान्यावर जगणारे हे लहानसे गाव. वडील बँकेचे अध्यक्ष. पण संधिवाताने शरीर जखडलेले. आई एके काळी शिक्षिका होत्या, हे सांगताना आम्हांस थोडी धन्यता वाटते, ती आपण क्षम्य मानावी. घरी कशाची ददात नव्हती. पोटासाठी खेळावे असे काही कारण नव्हते.

तरीही हा मुलगा शाळा सुटल्यावर रोज साडेतीन तास, शनिवारी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच आणि रविवारी दुपारी दीड ते पाच एकटाच सराव करी. बुटांत शिशाच्या पट्ट्या घालून उड्या मारी. खुर्च्या मांडून त्यांनाच प्रतिस्पर्धी मानी आणि त्यांमधून चेंडू आपटत नेई. चेंडूकडे पाहण्याची सवय मोडावी म्हणून चष्म्याच्या खालच्या कडेला पुठ्ठा लावी. गावातील रस्त्याने जाताना मान न वळविता दुकानांच्या काचांमागे काय मांडले आहे ते टिपण्याचा यत्न करी. पुढे जॉन मॅकफी या लेखकाने त्यांच्यावर पुस्तक लिहिले, ते १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील एक प्रसंग आम्हांस फार आवडतो. एका परक्या शाळेच्या व्यायामशाळेत सराव करताना ब्रॅडलींचे काही नेम ओळीने चुकले. ते थांबले आणि म्हणाले, ही कडी दीड इंच खाली आहे. मॅकफींनी नंतर शिडी आणून माप घेतले. कडी नियमाच्या दहा फुटांहून सव्वा इंचाला थोडी कमी इतकी खाली निघाली. शुद्धलेखनात चार चार चुका करून त्या दिसत नाहीत म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हा प्रसंग पुष्कळदा सांगितला आहे.

शाळा संपताना पाऊणशे महाविद्यालयांनी त्यांना खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. ड्यूक विद्यापीठाला त्यांनी होकारही दिला होता. मग उन्हाळ्यात पाय मोडला, आणि खेळ सुटला तर आपल्याजवळ काय उरेल, हा विचार मनात आला. ते प्रिन्स्टनला गेले. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. खर्च वडिलांनी केला. खेळ आवडत होता, पण तो त्यांनी विद्येच्या मोबदल्यात विकला नाही. हकीकतीचे मर्म आम्ही यात मानतो. प्रवेशपरीक्षेत भाषेच्या भागात त्यांना ८०० पैकी ४८५ गुण होते. त्या परीक्षेची टक्केवारी काढणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे आम्ही जाणतो. पण आमच्या मंडळाच्या नियमाने हा मुलगा साठाच्या उंबरठ्यावर घुटमळत राहिला असता.

याच विद्यार्थ्याने इतिहास हा विषय घेऊन, ट्रुमन यांच्या १९४० च्या सिनेट निवडणुकीवर प्रबंध लिहून, १९६५ साली सन्मानपूर्वक पदवी मिळविली आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीही संपादिली. मधल्या काळात, १९६४ साली, टोकियोचे ऑलिंपिक सुवर्णपदकही झाले होते. मार्च १९६५ मध्ये पोर्टलंड येथे राष्ट्रीय स्पर्धेत प्रिन्स्टनचा संघ उपांत्य सामना मिशिगनकडून हरला. तिसऱ्या क्रमांकासाठी विचिटा स्टेटशी गाठ पडली. ब्रॅडली सवयीप्रमाणे चेंडू सोबत्यांकडे देऊ लागले. आणि सोबती तो पुन्हा त्यांच्याकडेच परत करू लागले. शेवटचाच सामना, तू मार, असा त्यांचा आग्रह. त्या दिवशी त्यांनी एकट्याने ५८ गुण केले. प्रिन्स्टनने सामना ११८–८२ असा जिंकला. चार मुलांनी आपल्या मोठेपणाची संधी दुसऱ्याच्या हाती द्यावी, हे आम्हांस त्या ५८ गुणांइतकेच मोलाचे वाटते.

न्यूयॉर्कचा व्यावसायिक संघ पैसे घेऊन उभा होता. ब्रॅडली आधी ऑक्सफर्डला शिकावयास गेले. १९६७ ते १९७७ ते त्या संघात खेळले, १९७० व १९७३ मध्ये अजिंक्यपद मिळाले. पुढे १९७९ ते १९९७ अशी अठरा वर्षे ते सिनेटमध्ये होते. १९८६ च्या करसुधारणेत त्यांचा मोठा वाटा होता. २००० साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितली. ती मिळाली नाही.

खेळाडू असताना जाहिरातींचे देकार त्यांनी नाकारले. त्यांच्या कृष्णवर्णीय सोबत्यांना तसे देकार येत नव्हते. आपल्याला येतात ते गोऱ्या कातडीमुळे, हे त्यांना दिसत होते. ज्ञातीच्या व्यासपीठावर हे सांगावे की नाही, याचा आम्ही दोन दिवस विचार केला आणि सांगावयाचे ठरविले.

मंडळास आमची विनंती इतकीच की साठ टक्क्यांची ती सूचना मागे घ्यावी. रात्रीच्या अभ्यासाची हजेरी हवी तेवढी कडक करावी. ती घेण्यास आम्ही स्वतः येऊ. वसतिगृहामागील मोकळ्या जागेत दोन खांब पुरून दोन कड्या बसविण्याचा खर्च फारसा नाही. त्याचा अंदाज आम्ही चिटणीसांकडे लेखी दिला आहे. कडी जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर असावी, आणि बसविल्यावर एकदा माप घ्यावे.