लोखंड, वाफ आणि पडलर
(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणारी इंजिने विलायतेतून बोटीने आली होती. ती तिथे कशी घडली, एवढेच आज बोलणार आहे. इंजिन म्हटले की जेम्स वॅट आणि किटली, इतकेच आपल्याला शाळेत शिकवले. पण नुसत्या कल्पनेचे इंजिन होत नसते, त्याला लोखंड लागते. हे वर्कशॉपमधल्या फिटरला सांगायला नको, आर.एम.एस.च्या मित्रांसाठी सांगतो.

पूर्वी लोखंड लाकडी कोळशावर गाळत. १७०९ साली कोलब्रुकडेलच्या अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर भट्टी चालवली. कोळशाच्या खाणीत पाणी भरे. ते उपसायला थॉमस न्यूकोमेनने १७१२ मध्ये वाफेचे इंजिन बसवले. वॅटने त्यात सुधारणा करून १७६९ मध्ये पेटंट घेतले, पण सिलिंडर धड जमेना. दट्ट्याच्या फटीतून वाफ निसटे. जॉन विल्किन्सन तोफांच्या नळ्या कोरण्यात तरबेज. १७७५ मध्ये त्याने सिलिंडर अचूक कोरून दिला आणि पुढच्याच वर्षी वॅटचे इंजिन विल्किन्सनच्या भट्टीला हवा देऊ लागले! या गृहस्थाने स्वतःची शवपेटीसुद्धा लोखंडाची करून घेतली होती.

१७८४ मध्ये हेन्री कॉर्टने पडलिंगचे पेटंट घेतले. पडलर भट्टीपुढे उभा राहून वितळलेले बीड लांब सळईने ढवळी. रस घट्ट होण्याचा नेमका क्षण तो डोळ्यांनीच ओळखी. ते काम करणारे यंत्र नव्हते. पेटंटवर नाव मात्र कॉर्टचे.

२१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधील मर्थर टिडफिलजवळ ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि ७० माणसे सुमारे ९ मैल ओढून नेली. इंजिन टिकले, बिडाचे रूळ मोडले. आमच्या गँगमन बांधवांना यात नवल वाटणार नाही.

त्या काळी मजुरीसाठी एकत्र येणे हाच गुन्हा होता. १७९९ आणि १८०० चे ते कायदे १८२४ मध्ये रद्द झाले. तरी १८३१ साली त्याच मर्थरमध्ये मजुरीकपातीविरुद्ध कामगार उठले, तेव्हा सैनिकांनी गोळ्या झाडल्या. सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून रिचर्ड ल्यूइस या तरुण खाणकामगाराला फाशी ठोठावली. त्याच्या सुटकेच्या अर्जावर ११ हजार लोकांनी सह्या केल्या. गृहमंत्री मेलबर्न यांनी तो फेटाळला आणि १३ ऑगस्टला कार्डिफमध्ये त्याला फासावर चढवले.