आडनावांचा गुंता आणि भिवपुरीची घराणी
(भिवपुरी येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने ज्ञातीचा कुलवृत्तांत छापण्याचे योजिले असून त्याचा पहिला भाग कर्जत व खालापूर तालुक्यांतील घराण्यांचा असावा, असे ठरविले आहे. भिवपुरीच्या घराण्यांची माहिती जमविण्याचा भार मंडळाने आमच्यावर टाकला. घरोघर पाठविलेले छापील तक्ते भरून परत येऊ लागले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आमच्या ध्यानी आली. बहुतेक तक्त्यांत खालचे दोन-तीन रकाने भरलेले, मधले चार-पाच कोरे, आणि सर्वांत वरचा रकाना मात्र ठसठशीत अक्षरांनी भरलेला! पणजोबांच्या वडिलांचे नाव आम्हांस ठाऊक नाही. परंतु आमचे मूळपुरुष शिवछत्रपतींच्या पदरी होते, हे मात्र पक्के ठाऊक आहे. ज्ञातीचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि मधले रकाने कोरे ठेवून वरचा भरणे म्हणजे जोते न घालता कळस चढविण्यासारखे आहे.

हे मधले रकाने कोरे का राहतात, याचे पहिले कारण आपली आडनावेच होत. आडनाव ही घराण्याची खूण, असे आपण समजतो. वास्तविक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत आडनाव ही बदलती वस्तू होती. मनुष्य स्वतःचे नाव व बापाचे नाव सांगे. पुढे गरजेप्रमाणे कधी हुद्दा, कधी वतन, कधी गाव लावी. बाळाजी आवजी हे मूळचे चित्रे. त्यांचे वडील जंजिऱ्यास हबशाच्या चाकरीत होते. महाराजांनी बाळाजींस चिटणिशी दिली आणि पुढील पिढ्या चिटणीसच झाल्या. श्रीवर्धनच्या भटांचे आडनाव पेशवेपदाखाली पार झाकून गेले. ज्यांनी खोपोलीचा तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधविले ते नाना फडणवीस मूळचे भानू. आपल्या ज्ञातीत देशपांडे, पोतनीस, कारखानीस, कुळकर्णी ही सारी नावे कामाची आहेत, कुळाची नव्हेत. दोन देशपांडे एकाच कुळाचे असतीलच असे नाही, आणि एका कुळाचे दोन सख्खे भाऊ एकाच आडनावाचे असतीलच असेही नाही.

याचे अगदी जवळचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १८८५ साली पनवेलीस झाला. त्यांच्या घराण्यात पालीस असताना धोडपकर हे आडनाव चालत होते. पनवेलीस वास्तव्य झाल्यावर वडिलांनी पनवेलकर म्हणवून घेतले. आणि मुलास शाळेत घालताना ठाकरे हे जुने कुळनाव लिहिले. एका कुटुंबात, थोड्या पिढ्यांच्या अवधीत, तीन आडनावे! ज्याला हा इतिहास ठाऊक नाही त्याने धोडपकर, पनवेलकर आणि ठाकरे ही तीन वेगळी घराणी मांडली, तर त्याला दोष कसा द्यावा?

गावावरून पडलेल्या आडनावांचा घोटाळा तर याहून मोठा. आपल्या जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाकडे पाहा. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे आहेत. त्यांवरून पूर्वज कोणत्या गावी राहत होते एवढे कळते. दोन पेणकर एकमेकांचे भाऊबंद आहेत किंवा नाहीत, हे कळत नाही. शिवाय कोणीही आपल्या गावी राहून गावाचे नाव लावीत नाही. भिवपुरीत राहणारा भिवपुरकर नसतो. भिवपुरी सोडून गेलेला भिवपुरकर होतो. म्हणून ‘कर’ लागलेले आडनाव दिसले की ते घराणे तेथून निघाले कधी, आणि निघण्यापूर्वी काय म्हणवीत होते, हे दोन प्रश्न अगोदर विचारावेत.

दुसरे कारण नोंदींचे. इंग्लंडात १५३८ सालापासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवावी, असा हुकूम झाला. रोमन पंथातही ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली तशीच शिस्त घातली. आपल्याकडे देवळात जन्माची वही नाही, लग्नाची नाही, मृत्यूचीही नाही. भटजींनी पत्रिका केली, ती घरात राहिली आणि कसरीने खाल्ली. सरकारी जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरे आहेत. ज्यास तलाठी गाव नमुना १४ म्हणतात ती हीच. परंतु तींतही नाव, बापाचे नाव व जात एवढेच बहुधा सापडते. आडनाव पुष्कळदा नसतेच, आणि लिपी मोडी. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारे जागोजाग धुंडावे लागले, हे आपण पाहिलेच आहे.

त्यातून आपल्या भागाचे दुखणे निराळेच. कर्जत तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता व खालापूर हा त्याचाच पेटा. १८९१ साली तो कुलाब्यात आला, आणि १९८१ साली कुलाब्याचा रायगड झाला. १८८३ सालचे कुलाब्याचे गॅझेटियर उघडून त्यात भिवपुरी शोधणारे गृहस्थ आम्हांस भेटले आहेत. ती मिळावी कशी? आमचा तालुका १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात आहे. कागदांचेही तेच. अलिबागेकडील घराण्यांचे जुने व्यवहार आंग्र्यांच्या राज्यातले. आमचा मुलूख १८१८ पर्यंत पेशव्यांचा, म्हणून आमच्या वाडवडिलांचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात शोधावयाचे. आणि स्टेशन पाहून गाव समजू नये: भिवपुरी रोड स्थानक निराळ्या ठिकाणी व कुसूरघाटाच्या पायथ्याची, टाटांच्या वीजगृहाची भिवपुरी निराळी. मुंबईच्या आमच्या एका नातलगांनी पूर्वजांचे घर पाहण्यासाठी अख्खी दुपार स्थानकाभोवती घालविली होती.

आता ज्यासाठी हे भाषण आम्ही पत्करले, त्या गोष्टीकडे वळतो. आमच्या घराण्याच्या आज तीन शाखा आहेत. थोरली भिवपुरीस राहिली. ती कुळकर्णी लिहिते, आणि आम्ही स्वतः त्या शाखेचे. धाकटी बडोद्यास गायकवाडांच्या चाकरीत गेली. ती जुने कुळनाव प्रधान लावते. या दोघींचे येणेजाणे कधी तुटले नाही. परंतु भिवपुरकर म्हणविणारी काही घरे कर्जत, कल्याण येथे आहेत. ही मंडळी आपली नव्हेत, वाड्यावरच्या आश्रिताचा वंश आहे, असे आमच्या घरी तीन पिढ्या बोलले गेले. नवरात्राच्या कुळधर्मास त्यांना बोलावणे नसे. आले तरी पान ओसरीवर मांडले जाई. आमच्याकडे गमी झाली तर ते सुतक धरीत. त्यांच्याकडे झाली तर आम्ही स्नानसुद्धा करीत नसू. त्या घरांतील मंडळी आज या सभागृहात बसली आहेत. म्हणून जे सापडले ते त्यांच्यासमक्ष सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

तक्ते जमविताना आम्ही नाशिकास आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. तेथे नुसते आडनाव सांगून भागत नाही. ज्ञाती आणि मूळ गाव सांगावे लागते. भिवपुरी म्हणताच त्यांनी वही काढली. तीत तीन भावांनी मिळून वडिलांच्या अस्थी आणल्याची नोंद आहे. तिघांची नावे वयाच्या क्रमाने, तिघांच्या बायकांची नावे, आईचे नाव, आणि खाली तिघांच्या सह्या. आडनाव एकच: प्रधान. थोरला आमचा पूर्वज, धाकटा बडोदेकरांचा. मधला कोण? त्याच वहीत काही पाने पुढे त्याचा मुलगा येऊन गेला आहे. तो आपल्या बापाचे, आजाचे व चुलत्यांचे नाव बिनचूक लिहितो, आणि आडनाव लिहितो भिवपुरकर.

एका नोंदीवर विसंबणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आजोबा-नातवाचे नाव एकच ठेवण्याची आपली चाल असल्यामुळे कृष्णाजी रामाजी, पुढे रामाजी कृष्णाजी, पुन्हा कृष्णाजी रामाजी असा फेर चालतो, आणि आजोबाची नोंद नातवाच्या माथी सहज बसते. संशोधनात सर्वांत अधिक घोटाळे येथे होतात. त्यातून सुटका बायकांच्या नावांनी होते, हा आमचा अनुभव. पुरुषांची नावे तीच ती फिरतात. बायका निरनिराळ्या घरांतून येतात. मधल्या भावाच्या बायकोचे माहेर वहीत लिहिलेले होते. त्या माहेरी आम्ही पत्र टाकले. त्यांच्या जुन्या टिपणात मुलगी ‘भिवपुरीस प्रधानांकडे’ दिल्याचे निघाले. नाव मात्र निराळे, कारण ते तिचे माहेरचे.

अखेरचा कागद आमच्याच माळ्यावर होता. पितळी डब्यात, रुमालात बांधलेले वाटणीपत्र. मधल्या भावाने कुळकर्णाच्या वतनातील आपला हिस्सा रोख रकमेवर थोरल्यास सोडून दिला, असा त्यातील मजकूर. १८५६ साली खोपोलीपर्यंत आगगाडी आली, आणि पुढे बोरघाटाचे मोठे काम निघाले, त्या सुमाराची ही गोष्ट. वतन सोडलेला मनुष्य कुळकर्णी म्हणवील कसा? तो रेल्वेच्या चाकरीत शिरला आणि हजेरीपटावर भिवपुरकर झाला. वतन थोरल्या घरी राहिले. हिस्सा मागावयास पुन्हा कोणी येऊ नये म्हणून नातेच नाकारणे सोयीचे झाले असावे. हा शेवटचा भाग आमचा तर्क आहे व तर्क म्हणूनच छापावा. बाकीचे तीन पुरावे कागदाचे आहेत. तेव्हा आमच्या तक्त्यात भिवपुरकर मंडळी मधल्या शाखेच्या जागी, धाकट्या शाखेच्या अगोदर येतील. यंदाच्या नवरात्रात त्यांचे पान माजघरात मांडले जाईल. आमच्या घरातील वडील मंडळींपैकी सर्वांस हे रुचले आहे असे नाही. पण वाटणीपत्रावरील सही त्यांनीही ओळखली.

एक सूचना ज्ञातीच्या छापील साहित्याविषयी. ग्रामण्यांच्या काळात वंशावळी हे भांडणाचे हत्यार होते. राजवाड्यांनी आपल्या ज्ञातीवर लिहिले आणि प्रबोधनकारांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून त्यास उत्तर दिले, हा इतिहास अभिमानाचाच आहे. परंतु वादाच्या भरात रचलेल्या वंशावळी पुराव्यादाखल जशाच्या तशा उचलू नयेत. ज्या राजवाड्यांशी आपला तंटा झाला, त्यांच्यापासूनच एक गोष्ट घेण्यासारखी आहे: त्यांनी गावोगाव पायी हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडविले, म्हणून इतिहासाची साधने वाचली.

मंडळास आमची विनंती आहे की, ज्या रकान्यास पुरावा नाही तो कोराच छापावा. दत्तक असल्यास दत्तक म्हणूनच लिहावे, आणि जनक घराणेही द्यावे. सुनांची माहेरची नावे व मुलींची सासरे यांस स्वतंत्र रकाना ठेवावा. आडनावाखाली जुनी आडनावे, आणि कुळदैवत व गोत्र यांबरोबर कुळधर्माची चालही नोंदवावी. कार्ल्याची एकवीरा पुष्कळांची आहे, म्हणून तेवढ्याने कूळ ठरत नाही. पण नैवेद्य कोणत्या तिथीस व कशाचा, हे दोन घरी तंतोतंत जुळले तर पुढे शोध घ्यावा.

येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी आम्ही व मोडी जाणणारे दोन सभासद संस्थेच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांच्या घरी जुने कागद असतील त्यांनी ते जसे बांधलेले असतील तसेच, रुमालासकट आणावेत. ऊन दाखवू नये, गोंद लावू नये, वेगळे करून लावू नयेत. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता, यातही माहिती असते. कागदावर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढता येतो. अरबी सन असेल, ‘तिसा सितैन मया व अलफ’ अशासारखा, तर घाबरू नये: ते नुसते ११६९ आहे, त्यात ५९९ मिळविले की १७६८ येते, आणि वर्ष मृगापासून धरावयाचे. छायाचित्रे घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत दिले जातील. चहाची व्यवस्था भिवपुरकर मंडळींनी आपणहून अंगावर घेतली आहे.