आधी फिटर जपा

(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान. छापताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘अमेरिकेतील बंद पडलेल्या रेल्वे कंपन्या आणि त्यांच्या डिझेल इंजिनांचे जतन’. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरी झाली, उद्या मधुमेह आहे. या दोन्हींच्या मध्ये डिझेल इंजिन घालणाऱ्या संयोजकांच्या धाडसाला आधी दाद देतो. (हशा) पुढच्या रांगेत माझ्याबरोबर रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये काम केलेली चारदोन मंडळी बसलीत. मी काय बोलणार हे त्यांना पाठ आहे. ती पंख्याखालची जागा धरायला लवकर आली आहेत, गैरसमज नसावा.

माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुणाचा डोळा लागला तरी काही बुडायचं नाही. जे डिझेल इंजिन सुरू होत नाही, ते जपलं असं मी मानत नाही. आणि ते सुरू करणारे हात आधी जपले नाहीत, तर बाकीचा खर्च रंगाचा. झालं व्याख्यान. उरलेला वेळ पुरावा देतो.

अमेरिकेतल्या रेल्वे खासगी कंपन्यांच्या, मोटारींनी आणि विमानांनी त्यांचे प्रवासी पळवले, ट्रकांनी माल पळवला, हे आपण सगळे जाणताच. त्यात वेळ घालवत नाही. पेन सेंट्रलसारख्या अवाढव्य कंपनीनं १९७० साली दिवाळं काढलं. १९७६ साली तिच्यासह ईरी लॅकवॉना, लेहाय व्हॅली, रेडिंग अशा सहा कंपन्यांचे मार्ग कॉनरेल नावाच्या एका नव्या गाठोड्यात बांधले गेले. १९८० मध्ये रॉक आयलंडनं गाशा गुंडाळला. जी नावं मालडब्यांवर वाचत तिथली पोरं मोठी झाली, ती दहाबारा वर्षांत पुसली गेली.

आता या कंपन्यांच्या इंजिनांचं काय झालं? वाफेच्या इंजिनाला प्रेम मिळालं. गावोगावच्या बागांत ती उभी राहिली. डिझेलच्या वाट्याला ते आलं नाही, कारण वाफेला मारणारं तेच, अशी लोकांची समजूत. समजूत खरीच होती म्हणा. दुसरं कारण व्यवहाराचं. तांब्यापितळेची मोड देऊन आपल्या आया नवं भांडं घ्यायच्या, तशी तिथल्या कंपन्या जुनी डिझेलं कारखान्याला देऊन नवी घेत. जुन्याच्या बोगी, चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी नव्याखाली बसत आणि उरलेला सांगाडा भट्टीत जाई. म्हणजे हे इंजिन म्हातारं होऊन मरत नसे, दुसऱ्याच्या पोटात जात असे. तिथं जतन करणार कशाचं?

अपवाद आहेत. जनरल मोटर्सनं १९३९ साली एफटी जातीचं ५,४०० अश्वशक्तीचं प्रात्यक्षिक इंजिन देशभर फिरवलं. ८३,७६४ मैल पळवलं आणि वाफेची सद्दी संपणार हे सिद्ध केलं. त्यातला पुढचा भाग आज सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयात आहे. बर्लिंग्टन कंपनीचं स्टेनलेस स्टीलचं ‘सिल्व्हर पायलट’ इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये आहे. ई-५ जातीतलं तेवढं एकच उरलं. या दोघांवर माझ्याकडे बऱ्याच चित्रफिती आहेत, त्या नंतर दाखवतो.

(नंतर दाखवता आल्या नाहीत. — संपादक)

आज मला खरं बोलायचंय ते पीए या इंजिनाबद्दल. पाच मिनिटांत आटोपतो.

न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टेडी नावाचं गाव आहे. तिथं आल्को, म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. ‘बिग बॉय’ हे वाफेचं महाकाय इंजिन याच कारखान्याचं. या लोकांनी १९४६ साली प्रवासी गाड्यांसाठी पीए काढलं. दोन हजार अश्वशक्ती, लांब सरळ नाक, चौकोनी तोंड. देखणेपणात त्याला तोड नव्हती. पण आतलं २४४ जातीचं यंत्र तापट. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे थ्रॉटलची पायरी, वाढवला की तेल लगेच सिलिंडरमध्ये जाई, पण हवा कोंबणाऱ्या टर्बोला वेग धरायला वेळ लागे. तेवढ्या वेळात अर्धवट जळलेल्या तेलाचा काळाकुट्ट लोट निघे. पुढच्या रांगेत माना हलल्या. तुमच्या माझ्या शर्टांनी तो पाहिलाय. (हशा)

केबिन असलेली आणि नसलेली धरून असली २९७ इंजिनं बनली आणि जवळजवळ सगळी भंगारात गेली. सांता फे कंपनीची चार मात्र वाचली. १९६७ साली ती डेलावेअर अँड हडसन या छोट्या कंपनीनं घेतली. पुढं त्यांचं जुनं यंत्र काढून आल्कोचंच सुधारलेलं २५१ यंत्र बसवलं. १९७८ साली चारही मेक्सिकोला गेली. तिथं रखडली, आपटली, सुटे भाग निघाले. उत्तर अमेरिकेत केबिनसकट उरलेली पीए हीच चार, आणि त्यांतली दोन नुसती खोकी.

इथं डॉइल मॅककॉर्मॅक येतात. १९७५-७६ मध्ये अमेरिकन फ्रीडम ट्रेन ओढणारं ४४४९ नंबरचं वाफेचं इंजिन चालवणारे हे गृहस्थ. म्हणजे वाफेच्या पंथातले मानकरी! त्यांचं मन मात्र अडकलं होतं लहानपणी पाहिलेल्या निकेल प्लेट कंपनीच्या निळ्या-करड्या पीएमध्ये. निकेल प्लेट १९६४ मध्ये दुसऱ्या कंपनीत विरून गेली होती आणि तिची १८० ते १९० नंबरची अकराही पीए मोडीत निघाली होती. २००० साली मेक्सिकोतली दोन पीए परत आली. त्यांतलं एक पुढं टेक्सासमधल्या संग्रहालयाकडे गेलं. दुसऱ्याचा सांगाडा मॅककॉर्मॅक यांनी ओरेगॉनमध्ये पोर्टलंडला आणला.

सांगाडा म्हणजे काय, ते नीट ऐका. नाक चेपलेलं, पत्रे गंजलेले, आत यंत्र नाही, नियंत्रणाच्या तारा नाहीत. त्यांनी मॉन्ट्रियलच्या कारखान्याच्या एम-४२० जातीचं एक इंजिन धरलं आणि त्याच्यातलं बारा सिलिंडरचं २५१ यंत्र या खोक्यात बसवलं. वर्षानुवर्षं, हौशी मंडळींच्या मदतीनं, हे चाललं. शेवटी निळ्या-करड्या रंगात, १९० नंबर घेऊन ते उभं राहिलं.

(चिठ्ठी आली आहे. ‘वेळ’ एवढंच लिहिलंय. आली म्हणजे वेळ आहे, असा मी अर्थ घेतो. — हशा)

आता शुद्धतावाद्यांचा आक्षेप ऐका. शरीर सांता फेचं, नोकरी डेलावेअर अँड हडसनची, वनवास मेक्सिकोचा, काळीज कॅनडाचं, आणि पाटी निकेल प्लेटची. निकेल प्लेटच्या रुळावर हे इंजिन त्या जन्मात कधी धावलं नव्हतं. मग जपलं काय? आक्षेप बिनतोड आहे, मी तो टाळत नाही. माझं उत्तर एवढंच, की इंजिनाचा धातू इतिहासाचा पुरावा असतो हे खरं, पण डिझेलच्या बाबतीत तो पुरावा सेवेत असतानाच दर काही वर्षांनी बदलत असतो. पिस्टन बदलतात, लायनर बदलतात, पुढंमागं क्रँकशाफ्टही. शेडमध्ये ज्या इंजिनावर आम्ही काम केलं, त्याचं मूळ काय उरलंय असं कुणी विचारलं असतं तर आम्ही नंबरप्लेटकडे बोट दाखवलं असतं. टिकून राहते ती ते जुळवण्याची रीत. मॅककॉर्मॅक यांनी जपली ती रीत. म्हणूनच २०२३ मध्ये ते इंजिन पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला गेलं. तिथं डेलावेअर-लॅकवॉना या मार्गावर आल्कोची जुनी इंजिनं मालगाड्या ओढत कामाला आहेत. संग्रहालयाच्या दारात नव्हे, कामावर!

कुणीतरी विचारलं, यात आपलं काय? बरोबर विचारलंत. आल्कोनं १९६९ मध्ये इंजिनं बांधणं थांबवलं. पण त्याआधीच ते २५१ यंत्र आपल्याकडे आलेलं होतं. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात डब्ल्यूडीएम-२ बनू लागलं, सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. मूळ कारखाना मेला आणि त्याचं लेकरू वाराणसीत कित्येक दशकं वाढत राहिलं. पुण्याच्या घोरपडी शेडमध्ये, कल्याणला, ज्यांनी ते यंत्र हाताळलं ती माणसं आज या सभागृहात बसलीत. पोर्टलंडच्या त्या १९० नंबरच्या पोटातलं यंत्र याच कुळातलं. तिथल्या माणसांनी जे तुकड्यातुकड्यांनी शिकून घेतलं, ते आपल्याकडच्या फिटरच्या बोटांत होतं.

किती बोटांत, ते एका प्रसंगातून सांगतो. एका शेडमध्ये, नाव घेत नाही, बरेच दिवस उभं राहिलेलं एक इंजिन पाहुण्यांसाठी सुरू करायचं होतं. साहेब घाईत. बॅटरी चार्ज होती, तेल होतं, बटण दाबायचं तेवढं बाकी. आमचे एक मिस्त्री पुढं झाले आणि म्हणाले, “साहेब, आधी हातानं फिरवू.” त्यांनी सिलिंडरचे लहान प्लग एकेक करून उघडले, लांब दांडा लावला आणि दोघांनी मिळून क्रँकशाफ्ट इंच इंच फिरवला. नवव्या सिलिंडरच्या प्लगमधून फुर्रकन पाणी उडालं आणि समोर वाकलेल्या साहेबांच्या तोंडावर! (मोठा हशा) साहेब रागावले, मग गप्प झाले. कारण पाणी दाबलं जात नाही. गळक्या जोडातून सिलिंडरमध्ये उतरलेलं पाणी तसंच असताना बटण दाबलं असतं, तर पिस्टन वर येऊन त्यावर आपटला असता आणि कनेक्टिंग रॉड वाकला असता. पाहुण्यांसमोर लाखोंचं यंत्र गेलं असतं. हे पुस्तकातही लिहिलेलं असतं. पण प्लग सोडताना कोणत्या सिलिंडरवर संशय धरायचा, दांडा जड लागला तर कुठं थांबायचं, हे त्या मिस्त्रींना मनगटातून कळत होतं.

अमेरिकेतल्या संग्रहालयांना हाच धडा थंडीनं शिकवला. तिथल्या जुन्या इंजिनांच्या पाण्यात गोठण टाळणारं रसायन नसे, नुसतं गंज रोखणारं औषध घातलेलं पाणी. म्हणून कडाक्याच्या थंडीत इंजिन रात्रभर चालू ठेवायचं, नाहीतर शेवटच्या कोपऱ्यातलं थेंबभर पाणीही काढून टाकायचं. एक नळी विसरली तर पाणी गोठून फुगतं आणि लोखंड तडकतं. बंद कंपनीचं इंजिन पैसे देऊन विकत मिळतं. ती शेवटची नळी कुठं आहे हे सांगणारा माणूस कोणत्याही लिलावात मिळत नाही.

(दुसरी चिठ्ठी. ही सहीसकट आहे. — हशा) मिनिटाभरात आवरतो.

माझ्यावर एक आरोप होतो. म्हणतात, हा निवृत्त माणूस, याला आपल्या नोकरीचं देऊळ बांधायचंय. आणि डिझेलचा धूर, त्याचं काय? धूर वाईटच. विद्युतीकरण व्हायलाच हवं, आणि आपल्या ब्रॉडगेजवर ते होत आलंय. प्रत्येक डिझेल जपा असं मी म्हणत नाही. शेकड्यांनी कंडम होतील, होऊ द्या. देऊळ मला नकोच आहे. देवळात मूर्तीला हात लावू देत नाहीत, आणि मला हात लावू देणारी जागा हवी आहे. मोतीबागेला, नागपुरात, अरुंद मार्गाचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जरूर जा. पण स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढवलेल्या डिझेलांपुढं मला नेऊ नका. तिथं माझा रक्तदाब वाढतो, आणि मधुमेहाचं व्याख्यान उद्या आहे. (हशा)

ईरी लॅकवॉनाबद्दल, रॉक आयलंडबद्दल, मेक्सिकोत उरलेल्या दोन पीएंबद्दल बोलायचं राहिलं. चित्रफितीही राहिल्या. शकुंतला रेल्वेबद्दल मागून कुणीतरी ओरडलं, त्यांना मी चहाच्या वेळी भेटतो.

मागणी एवढीच. पुढच्या वेळी एखादी संस्था, नगरपालिका किंवा रेल्वे एक डब्ल्यूडीएम-२ राखून ठेवायचं ठरवेल, तेव्हा त्यांनी चौथऱ्याच्या निविदेआधी एक यादी करावी. त्या शेडमधून गेल्या दहा वर्षांत निवृत्त झालेले फिटर, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. त्यांना मानधन द्यावं, चार आयटीआयची पोरं त्यांच्या हाताखाली द्यावीत आणि महिन्यातून एकदा ते इंजिन खरोखर सुरू करावं. आधी प्लग उघडून, हातानं फिरवून. ते जमत नसेल तर इंजिन सरळ भंगारात द्यावं, निदान पोलाद तरी कामी येईल. हे कठोर वाटलं असेल तर वाटू दे. पुढच्या रांगेतल्यांनी आपली नावं आणि फोन नंबर बाहेर टेबलावरच्या वहीत लिहूनच घरी जायचं आहे. पेन मी आणलंय.