घरपट्टीची सवलत : घराला की घरात राबणाऱ्याला?

(वाराणसी येथे मराठी भाषिक पक्षसभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या नगरीत आपण आज जमलो आहोत, तिने घरपट्टीविरुद्ध लढा दिला त्याला दोनशेहून अधिक वर्षे लोटली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने 1810 सालच्या पंधराव्या रेग्युलेशनने राहत्या घरांच्या वार्षिक भाड्यावर 5 टक्के आणि दुकानांवर 10 टक्के कर बसविला. डिसेंबरअखेर बनारस बंद पडले. लोहार, मिस्त्री, विणकर, न्हावी, शिंपी, कहार अशा सर्वांनी हत्यारे खाली ठेवली. अंत्यविधी करणारेही मिळेनात, म्हणून प्रेते तशीच गंगेत सोडली गेली, अशी नोंद खुद्द इंग्रज मॅजिस्ट्रेटने केली आहे. वीस हजारांवर माणसे ठिय्या देऊन बसली. 1812 साली कर मागे घ्यावा लागला. धर्मपाल यांनी ही कागदपत्रे 1971 साली ग्रंथरूपाने पुढे आणली. कामगार चळवळीच्या आपल्या अभ्यासवर्गांत मात्र या हरताळाचा उल्लेख क्वचितच होतो.

त्या हरताळात हवेलीचा मालक आणि झोपडीतला लोहार यांची मागणी एकच होती. आज ती एक राहिलेली नाही.

घरपट्टीच नको, असे आपण म्हणत नाही. नळ, गटारे, झाडलोट, दिवाबत्ती यांना पैसा लागतो आणि नगर निगमाची तिजोरी रिकामी झाली की पहिली कुऱ्हाड सफाई कामगारावरच कोसळते. प्रश्न आहे तो भार कुणी किती वाहावा, हा.

उत्तर प्रदेशचा 1959 चा नगर निगम कायदा काय सांगतो ते पाहा. कर वार्षिक मूल्यावर आहे. मालक स्वतः राहत असेल तर दहा वर्षांपर्यंतच्या घराचे मूल्य 25 टक्क्यांनी, वीस वर्षांपर्यंतच्या घराचे साडेबत्तीस टक्क्यांनी आणि त्याहून जुन्या घराचे 40 टक्क्यांनी कमी धरतात. तेच घर भाड्याने दिले की चित्र उलटते. नव्या घराचे मूल्य 25 टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांवरील घराला वाढ नाही, पण सूटही नाही. म्हणजे हजार रुपये वार्षिक मूल्याच्या दोन जुन्या, शेजारशेजारच्या घरांपैकी एकावर सहाशेवर आकारणी, दुसऱ्यावर पुऱ्या हजारावर. मालकाला शिक्षा झाली, असे कुणाला वाटेल. पण मालक तो कर भाड्यात मिसळतो, आणि भरतो तो मदनपुरा, बजरडीहा, अलईपुऱ्यातला भाडेकरू विणकर. तीस चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा पंधरा चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतच्या घराला कायद्यात माफी आहे खरी. तीही मालकाचे दुसरे घर नाही, या अटीवर. माफी मिळते ती मालकाला. भाडेकरूचे नाव या कलमात कुठे आहे?

त्यातून मागाचा प्रश्न. विणकराचे घर म्हणजेच त्याचा कारखाना. खड्ड्यातला माग, त्यापलीकडे चूल, वर माळ्यावर निजणारी मुले. अनिवासी वास्तूचा दर निवासी दराच्या कित्येक पट असतो. ही खोली निवासी की अनिवासी, हे निरीक्षकाच्या मर्जीवर सोडणे म्हणजे गरिबाला लाचेच्या दारात उभे करणे होय.

महाराष्ट्रातील साथींनी आपल्याकडचा हिशेबही मांडावा. मुंबईत 2022 साली पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. सुमारे सोळा लाख घरांना लाभ झाला, त्याचे स्वागतच. पण मोजले गेले ते क्षेत्रफळ, उत्पन्न नव्हे. दक्षिण मुंबईतील छोट्या पण महागड्या सदनिकेच्या धन्याला माफी मिळाली; धारावीतील पोटभाडेकरूचे भाडे त्यामुळे उतरले, असे कुणी सांगेल काय? पुण्यात 1970 पासूनची 40 टक्क्यांची सवलत मध्यंतरी बंद झाली आणि 2023 साली लोकांच्या रेट्याने परत आली. तीही स्वतः राहणाऱ्या मालकालाच. केरळात डाव्या आघाडीच्या सरकारने 2023 साली साठ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना करमुक्त केले. पाऊल चांगले, तरी मोजपट्टी तीच.

उत्पन्नावर आधारलेली सवलत परदेशात आहे, असे कुणी म्हणेल. इंग्लंडमध्ये ती होती. तेथे कर राहणाऱ्यावर असल्याने भाडेकरूलाही मदत मिळे. 2013 साली तेथील सरकारने देशव्यापी योजना मोडून ती स्थानिक कौन्सिलांच्या गळ्यात घातली आणि निधी दहा टक्क्यांनी कापला. वृद्धांचे संरक्षण केंद्राने राखले. म्हणून साऱ्या कपातीचा बोजा काम करण्याच्या वयाच्या गरिबांवर आला. अनेक कौन्सिलांनी त्यांच्याकडून कराचा काही हिस्सा सक्तीने वसूल केला. ज्याचे हात चालतात त्याचे पोट भरतेच, हा भांडवलदारी समज त्यामागे होता. दिवसभर माग चालवूनही ज्याचे पोट भरत नाही, असा माणूस या नगरीत गल्लोगल्ली भेटेल.

तेव्हा आपली मागणी नेमकी हवी. सवलत कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरावी आणि भाडेकरूला थेट मिळावी. घरातला माग निवासीच धरावा. महसुलातील तूट राज्य सरकारने भरून द्यावी, आणि रेल्वेसारख्या केंद्रीय मालमत्तांना संविधानाच्या 285 व्या कलमाने जी करमाफी आहे, तिच्या बदल्यातील सेवाशुल्क केंद्राने वेळेवर चुकते करावे. नाहीतर विणकराची सवलत सफाई कामगाराच्या पगारातून वसूल होईल, आणि दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करणे राज्यकर्त्यांना सोपे जाईल.

करआकारणीची यादी जाहीर झाली की हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. शाखांनी त्या आधीच प्रत्येक वॉर्डात भाडेकरूंची, घरातल्या मागांची आणि भाड्याच्या पावत्यांची नोंद करावी. पावती नसेल तिथे शेजाऱ्यांचे जबाब घ्यावेत. या गल्ल्यांत पावती देणारा मालक विरळाच.